माळ्यावरची पितळेची भांडी आणि कल्हईवाले चाचा, आमचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या दुकानाचा नाहीये. सिंहगड रोडच्या बाजूला सोसायट्यांमधून फिरणारे एक कल्हईवाले चाचा आहेत, त्यांच्याकडून यावर्षी घट बसायच्या आधी आम्ही अकरा भांड्यांना कल्हई (म्हणजे आतून कथलाचा पातळ थर) करून घेतली, त्याबद्दल आहे. नंबर इथे टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, दसरा-दिवाळीच्या दिवसांत आहे तेच काम त्या दोघा बापलेकांना झेपत नाही. पण काम कसं करतात, किती घेतात, आपण काय बघून घ्यायचं हे सगळं लिहिते, म्हणजे तुमच्याकडे कोणी कल्हईवाला आला तर उपयोग होईल. आणि त्यांच्यामुळे आमच्या घरातला एक जुना प्रश्न सुटला, तेही लिहायचंय.

प्रश्न म्हणजे माळा. आमच्या टू बीएचकेमध्ये बाथरूमच्या वर एक माळा आहे आणि तो पूर्ण सासूबाईंच्या भांड्यांनी भरलेला. वाईचं घर विकलं तेव्हा आली ही भांडी, त्याला आता वीस वर्षं होतील. एकूण सत्तावीस नग, यावर्षी पहिल्यांदा मोजले. पातेली, तपेल्या, दोन गंज, बोघणी, परात, तांब्याची कळशी, घंगाळ, चरवी, पितळी डबे, आणि सगळ्यात मोठा म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. दरवर्षी नवरात्राच्या आधी आवराआवरी काढली की ही भांडी खाली यायची, चिंचेने नाहीतर पितांबरीने घासायची, उन्हात वाळवायची आणि परत जुन्या चादरीत बांधून वर. दोन दिवस जायचे, हात काळे, पाठ धरलेली, आणि वर्षभर त्यातलं एकही भांडं वापरात नाही.

कपड्यांचं मला कधी जड गेलं नाही. जुन्या साड्या बोहारणीला देऊन डबे घेतले, रद्दी दिली, मुलीची शाळेची पुस्तकं पुढच्या विंगेतल्या मुलाला दिली. वर्षभरात हात लावला नाही ते घराबाहेर काढायचं हा नियम मी मोबाईलवर बघितला होता आणि कपाटाला तो लागूही पडला. भांड्यांना नाही पडत. कारण भांड्यांवर नावं आहेत. आपल्याकडे लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव घालून द्यायची पद्धत, ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं, कोणाकडून कोणाला आणि तारीख. मग ते भांडं भंगारवाल्याच्या तराजूत ठेवताना तुम्ही माणसाचं नाव त्या तराजूत ठेवताय असं वाटतं. मला वाटतं, सून असून. सासूबाईंना काय वाटत असेल.

गेल्या वर्षी माझं गुडघ्याचं दुखणं होतं म्हणून आम्ही एका कंपनीची डीप क्लीनिंग सर्व्हिस बोलावली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. चार मुलं आली, फरशी, खिडक्या, एक्झॉस्ट फॅन सगळं छान केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माळा उतरवल्यावर त्यांच्या सुपरवायझरने भांड्यांकडे बोट दाखवून विचारलं, मॅडम हे सगळं डिस्पोजलच्या ढिगात टाकू ना, एक्स्ट्रा चार्ज नाही. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) समोर खुर्चीवर बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि रात्री जेवायला नको म्हणाल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या मुलांची चूक नव्हती, त्यांना काळं पडलेलं पितळ दिसलं, पण तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या वेळी हा माळा परक्या माणसाच्या हाती द्यायचा नाही आणि आईंना विचारल्याशिवाय एक चमचासुद्धा हलवायचा नाही.

तर चाचा. दहाची वेळ दिली होती, आले साडेबाराला, हा पहिला मायनस पॉइंट. फोन करून कळवलंही नाही. पण आल्यावर पाच मिनिटांत पार्किंगच्या कोपऱ्यात मांडामांड केली. पूर्वी आमच्या लहानपणी कल्हईवाला जमिनीत खड्डा करून त्यात कोळसा पेटवायचा आणि चामड्याचा भाता फुंकायचा, आता पेव्हर ब्लॉकमध्ये खड्डा कुठे करणार, म्हणून त्यांच्याकडे लोखंडी शेगडी आहे आणि हाताने फिरवायचा पंखा. मुलगा पंखा फिरवतो, चाचा भांडं धरतात. सोसायटीची परवानगी आधी घेऊन ठेवा, कारण नवसागराचा (कल्हईला लागणारा एक क्षार) पांढरा धूर बऱ्यापैकी होतो आणि नाकात जातो, वरच्या मजल्यावरून विचारणा होतेच.

काम करायच्या आधी त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन. सगळी भांडी ओळीने मांडायला सांगितली आणि एकेक उचलून बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघितलं, मग उजेडाकडे धरून आत बघितलं, बुडाला अंगठा दाबला. कुठलं घ्यायचं, कुठलं नाही, हे तिथेच सांगितलं. परात, घंगाळ आणि पाण्याच्या कळशीला कल्हई नको, उगाच पैसे घालू नका ताई. आमटी, कढी, भात, दूध ज्यात शिजणार त्यालाच करा. एक चरवी बाजूला काढली, तिच्या कडेला चीर होती, म्हणाले डाख देऊन (वितळलेल्या धातूने सांधून) बंद होईल पण ती पाण्यापुरतीच, आगीवर नाही. (दिलाही, आता तिच्यात आईंच्या उशाशी पाणी असतं.) आणि दोन भांड्यांना स्पष्ट नाही म्हणाले, बूड झिजून कागदासारखं झालंय, याला आता आग दाखवू नका. धंद्याचा माणूस समोरचं काम नाकारतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो.

मी विचारलं कथील शुद्ध आहे ना, कारण कथलात शिसं मिसळतात असं ऐकलं होतं आणि शिसं पोटात जाणं वाईटच. चाचांना राग नाही आला. कथलाची कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली तर कर्र असा बारीक आवाज आला. म्हणाले, शुद्ध कथील असं ओरडतं, शिसं घातलं की गप्प होतं. मग तीच कांडी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओढून दाखवली, रेघ उठली नाही. शिसं बरंच असेल तर पेन्सिलसारखी करडी रेघ उठते. तुम्हीही करून घेताना हे दोन्ही बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आजकाल कथील तांब्यापेक्षा महाग आहे, त्यामुळे कोणी फारच स्वस्तात करून देत असेल तर जरा विचारा.

मग काम सुरू झालं आणि आमच्या विंगेतली सगळी पोरं गोल करून उभी राहिली, त्यांनी हे कधी बघितलंच नव्हतं. भांडं आधी तेजाबाने आणि वाळूने आतून घासून लख्ख केलं, मोठ्या पातेल्यात तर मुलगा स्वतः पाय घालून उभा राहिला आणि गोल गोल फिरून घासलं. मग भांडं शेगडीवर चांगलं तापवलं, नवसागराची पूड टाकली, कापसाच्या बोळ्याने फिरवली, धुराचा लोट उठला, आणि तापलेल्या बुडाला कथलाची कांडी नुसती टेकवली की ती लोण्यासारखी वितळली. कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे साध्या कोळशावर हे होतं. मग तोच बोळा झरझर फिरवला आणि बघता बघता पिवळं भांडं आतून चांदीसारखं झालं. लगेच पाण्यात बुडवलं, चर्र आवाज, झालं. एका पातेल्याला घासण्यासकट दहा-बारा मिनिटं. 

आईंसाठी खाली खुर्ची नेऊन ठेवली होती. त्या पहिल्यांदा नुसत्या बघत होत्या, मग चाचांशी बोलायला लागल्या, त्या मराठीत, चाचा अर्धं मराठी अर्धं हिंदी. चाचांनी विचारलं, आजी, ही सगळी लग्नातली का? आणि इतक्या वर्षांत आम्ही कोणी हे नीट विचारलंच नव्हतं, कुठलं भांडं कुठून आलं. आम्ही फक्त ठेवायचं की द्यायचं एवढंच विचारत आलो.

मला मनात पक्कं वाटत होतं की नावाची भांडी आईंना प्रिय, ती ठेवायची, आणि बिननावाची, ठोक पडलेली आधी काढायची. झालं बरोबर उलटं. ज्या दोन भांड्यांचं बूड गेलंय असं चाचा म्हणाले त्यातलं एक पातेलं आईंच्या लग्नातलं, त्यावर लिहिलंय 'चि. सौ. कां. कुसुमहिस मामाकडून, २१-५-६२'. कुसुम हे आईंचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं, त्यानंतर या घरात त्यांना त्या नावाने कोणी हाकच मारली नाही, मलासुद्धा ते नाव त्या पातेल्यावरूनच माहीत. मी म्हटलं, हे राहू दे आई, शोभेला ठेवू, त्यात झाड लावू. तर म्हणाल्या, अगं भांड्यात झाड कशाला, ज्यात शिजत नाही ते भांडं कसलं, दे मोडीत. मामाने मला रांधायला दिलं होतं आणि मी पस्तीस-चाळीस वर्षं रांधलं त्यात, मामाचं काम झालं.

आणि त्याच वेळी एक ठोक पडलेलं, बिननावाचं, मध्यम पातेलं होतं, मी ते मोडीच्या ढिगात ठेवलेलं, ते त्यांनी हाताने ओढून घेतलं. हे नाही द्यायचं. का, तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी त्या पातेल्यात कढी केली होती आणि आतली कल्हई उडालेली त्यांच्या लक्षात आली नाही, कढी कळकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कल्हई गेलेल्या पितळेत ताक, चिंच, कोकम, टोमॅटो असं आंबट काही शिजवलं किंवा ठेवलं की ते धातूशी लागून हिरवट होतं, तोंडात घेववत नाही आणि पोटालाही वाईट, त्याला कळकणं म्हणतात. पंगतीला बाहेरची माणसं होती आणि त्यांचे सासरे रागीट. तेव्हा त्यांच्या सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, कढी मी केली, मला चष्म्याशिवाय दिसलं नाही. सगळं बोलणं त्यांनी स्वतःवर घेतलं. आई म्हणाल्या, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, त्यांचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही, ना फोटो धड, ना साडी. हे पातेलं आहे.

मी ते वीस वर्षं घासत होते आणि मला माहीत नव्हतं.

चाचांनी ते पातेलं बघितलं, वाजवलं, ठोक बाहेर काढू का विचारलं, आई नको म्हणाल्या, आहे तसंच राहू दे, आतून करा. त्यांनी त्या एकाला कथील जरा सढळ लावलं असं मला दिसलं, वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता हिशोब, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. लहान भांड्याचे १५०, मध्यम ३००, मोठं ५००. आमची चार लहान, पाच मध्यम, दोन मोठी, म्हणजे ३१०० रुपये. डाख लावायचे घेतले नाहीत. आम्ही घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका असं मी म्हणेन, तेजाब, धूर आणि आगीत दिवसभर बसायचं काम आहे. रोखच घेतात, मुलाकडे क्यूआर कोड आहे पण चाचांना ते आवडत नाही. अकरा भांड्यांना जवळजवळ तीन तास लागले.

तक्रारी दोन. उशिरा आले ते सांगितलंच. दुसरी म्हणजे एका गंजाच्या गळ्याशी कथील जाडसर आणि खरबरीत राहिलं, आत हात फिरवला की लागतं, मी तिथेच दाखवायला हवं होतं, भांडी वर नेल्यावर लक्षात आलं. त्यामुळे प्रत्येक भांडं गार झालं की आतून बोट फिरवून बघा आणि काळा डाग किंवा पिवळा ठिपका राहिलाय का तेही बघा, लगेच सांगितलं तर परत तापवून नीट करून देतात. बाहेरून भांडी काळी पडतात आगीमुळे, ती आपली आपण घासायची, बाहेरचं पॉलिश ते करत नाहीत.

उरलेल्या भांड्यांचं काय केलं तेही लिहिते. मोडीत सात नग दिले, त्यात ते मामाचं पातेलंही. देण्याच्या आदल्या रात्री माझ्या मुलीने बटर पेपर आणि मऊ पेन्सिल घेऊन प्रत्येक नावावर कागद ठेवून पेन्सिल घासली, नाणं कागदाखाली ठेवून आपण लहानपणी छाप काढायचो तसं. सगळी नावं, तारखा, ठिपके स्पष्ट उठले. फोटो काढले होते पण पितळ चमकतं, अक्षरं नीट येत नाहीत, ही छाप जास्त चांगली. आईंनी कुसुमचा कागद घडी करून त्यांच्या पोथीत ठेवलाय.

मोड घेऊन आम्ही कसब्यात तांबट आळीच्या बाजूला गेलो. तिथे अजून हातोडीचे आवाज येतात, मठारकाम (भांड्यावर हातोडीने ठोके उठवायचं काम) करणारी घरं आहेत, पेशवाईपासून तांबट तिथे आहेत. आई म्हणाल्या मला पण यायचंय, म्हणून रिक्षाने नेलं. ज्या दुकानात दिलं त्यांनी लोखंडी कड्या काढून आमच्यासमोर वजन केलं, पावणेनऊ किलो भरलं, किलोला ४२० धरले, ३६७५ रुपये रोख दिले. म्हणजे कल्हईचा खर्च मोडीतून निघाला. घरी येणाऱ्या भंगारवाल्याने याच भांड्यांना आधी बरंच कमी सांगितलं होतं, त्यामुळे पितळ-तांबं घरून देऊ नका, भांड्यांच्या बाजारात न्या आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. बदल्यात नवीन स्टील घ्या म्हणून आग्रह करतात, नको असेल तर नको सांगा.

तीन डबे नणंदेने मागून घेतले, तिला मुलीच्या नव्या घरात डाळ-तांदळाला हवे होते. तिला आम्ही दहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, तिनेही मागितलं नव्हतं, भावाकडे आहेत ना म्हणून. आणि बंब वाईजवळ आमच्या चुलतदिरांकडे दिला, त्यांच्याकडे अंगण आहे, झावळ्या-करवंट्या आहेत, त्यात खरोखर पाणी तापेल. टेम्पोवाल्याने ८०० घेतले. दिवाळीत पहिल्या अंघोळीला तिकडेच या म्हणाले आहेत. कल्हईची अकरा, परात, घंगाळ, कळशी आणि डाख दिलेली चरवी, एवढी घरी ठेवली. माळ्यावर नाही, ओट्याखाली. त्यासाठी नॉनस्टिकचे चार पॅन आणि एक न लागणारा ओव्हन काढला आणि मला ते काढताना काहीच वाटलं नाही.

काही ओळखीचे म्हणाले की एवढं जुनं सामान म्युझियमला द्यायचं. आपल्या पुण्यात केळकर संग्रहालय आहेच, दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी अशा घराघरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारला दिलं. मुलीला घेऊन मी दोनदा गेलेय, कोणी गेलं नसेल तर जरूर जा. पण आमची पातेली तशी कलाकुसरीची नाहीत. ती साधी, शिजवायची आहेत.

कल्हईची भांडी पहिल्यांदा वापरणार असाल तर थोडं. रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नाही, कथील वितळून ओघळतं. तळण करायचं नाही. फोडणी मी लोखंडी पळीत वेगळी करते आणि वरून ओतते, आई म्हणतात पूर्वीही असंच करायचे. तारेची घासणी नको, काथ्या किंवा मऊ स्क्रबर. आतून चिंच-लिंबू लावून घासायचं नाही, ते बाहेरच्या पितळेसाठी. इंडक्शनवर ही भांडी चालत नाहीत. रोज वापरलं तर कल्हई साधारण वर्षभर पुरते असं चाचा म्हणाले, आत पिवळं दिसायला लागलं की आंबट शिजवणं बंद आणि परत करून घ्यायची.

पहिली आमटी त्या ठोकवाल्या पातेल्यात केली, चिंच-गुळाची, आईंनीच सांगितलं आंबटच कर. ओट्यापाशी स्टुलावर बसून होत्या. दोनदा वाटीत घेऊन चाखली, रात्री तिसऱ्यांदा मागितली आणि सकाळी विचारलं उरली आहे का.

एका पुरणयंत्राचं अजून काही ठरलेलं नाही. पितळी आहे, मोठं, त्याची एक जाळी हरवली आहे आणि दांडा सैल झालाय. चाचा म्हणाले हे माझं काम नाही, कसब्यात दाखवा. सध्या बाल्कनीत आहे. कोणाला जुन्या पुरणयंत्राची जाळी बनवून देणारं माहीत असेल तर खाली लिहा.